उद्घाटनाचं मशीन

भाऊंच्या आवाजात जादू आहे, असं सगळे म्हणत. ती जादू कुठल्या बटणात आहे, हे मात्र एकट्या हॅलोला ठाऊक होतं.

हॅलो हे काही त्याच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. धंदा साउंड सिस्टीमचा. सभेआधी रिकाम्या मैदानात उभं राहून बराच वेळ "हॅलो, हॅलो, चेक" असं म्हणायचं, म्हणून गावाने ते नाव ठेवलं आणि त्यानेही फारसा वाद न घालता ते घेतलं. लोक घरी फोन करून "हॅलो, हॅलो आहे का?" असं विचारत आणि बायको अजिबात न हसता "बाहेर गेलेत" म्हणून सांगे.

तर भाऊंचा आवाज. मुळात तो बारीक होता आणि जरासा नाकातून यायचा. हॅलोने पहिल्याच सभेत ते ओळखलं. खालचे सूर थोडे वाढवले, वरचे कापले आणि वाक्याच्या शेवटच्या शब्दाला चिमूटभर इको दिला. चिमूटभर म्हणजे चिमूटभरच. इको जास्त झाला की माणूस आकाशवाणी करतोय असं वाटतं आणि कमी झाला की सोसायटीचा सेक्रेटरी. भाऊंना या दोहोंच्या मधे कुठेतरी उभं करायचं होतं. पुढे पुढे भाषणातली वळणं त्याला पाठ झाली. भाऊंनी चष्मा काढला म्हणजे आता गहिवर येणार. तेव्हा मिक्सरवरची मुख्य पट्टी हळूच वर सरकवायची. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही भाऊंचा श्वास कानाशी ऐकू येतो, आणि एकदा का पुढाऱ्याचा श्वास ऐकू आला की तो माणूस आपला वाटायला लागतो.

गंमत अशी की जादूच्या पेटीला खालून भोक आहे हे ठाऊक असूनही कबूतर निघालं की पहिली टाळी हॅलोचीच पडायची.

त्याला कारण होतं. बायकोच्या दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिला होता. एक दिवसाआड ती पहाटेच्या बसने शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जाई, मशीनला जोडून घेऊन रक्त धुऊन घेई आणि संध्याकाळच्या बसने परत येई. आली की चपला काढण्याइतकंही त्राण नसे. चपलांसकट पलंगाच्या कडेला बसून राही आणि हॅलो त्या काढून ठेवी. गावापासून शहरापर्यंतचा रस्ता असा की धडधाकट माणसाची हाडं मोजून घ्यावीत. शहरातल्या डॉक्टरांनी हॅलोला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आजाराचं मी बघतो. पण हा प्रवास त्यांना फार दिवस झेपायचा नाही. जवळपास कुठे सोय होते का बघा."

जवळपास सोय होणार होती. भाऊंनी तसं सांगितलं होतं. निवडणुकीच्या सभेत त्यांनी चष्मा काढला, थांबले, आणि म्हणाले, "या गावातल्या एकाही माउलीला, एकाही बहिणीला रक्त धुवायला शहराची वाट धरावी लागणार नाही. लागली, तर मी पुन्हा तुमच्यासमोर तोंड दाखवणार नाही!" त्या दिवशी पट्टी वर सरकवायची राहूनच गेली, कारण हॅलोचे दोन्ही हात टाळ्या वाजवण्यात गुंतले होते.

भाऊ निवडून आले. यथावकाश मशीनही आलं.

गावच्या दवाखान्यातली एक खोली रंगवली गेली. भिंतीला नवा नळ बसला, दारावर पाटी लागली, आणि मधोमध ते मशीन, पांढरं, चाकांवर उभं, पोटावर लाल फीत. हॅलोने माइकची वायर त्या मशीनच्या पायाला लपेटून नेली आणि पिवळ्या टेपने चिकटवली. टेप चिकटवण्याची त्याची एक पद्धत होती, वस्तादाने मुस्काटात मारून शिकवलेली: टेपचं टोक नेहमी आतल्या बाजूला दुमडायचं, त्रिकोणी. कार्यक्रम संपल्यावर सोडवताना नखाने टोक शोधत बसावं लागत नाही. धंद्यातल्या इतरांनी हा उद्योग कधीच सोडला होता. कुणाला वेळ आहे?

पहिल्या रांगेत त्याची बायको ठेवणीतली साडी नेसून बसली होती. भाऊंनी फीत कापली, सरळ तिच्यापाशी गेले आणि तिचे हात हातात घेऊन म्हणाले, "वहिनी, आता शहराच्या बसला रामराम." लोकांनी डोळे पुसले. हॅलोने इको चिमूटभर वाढवला.

दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप होतं.

"कंपनीचा माणूस यायचाय," सिस्टर म्हणाली. दवाखान्यात ती एकटीच काय ती कायमची. बाकीचे सगळे बदलून तरी गेलेले किंवा यायचे तरी होते. पुढच्या खेपेला ती म्हणाली, "मशीन तपासणीला नेलंय." त्याच्याही पुढच्या खेपेला तिने नुसते खांदे उडवले.

बस चालूच राहिली. कंडक्टर म्हणाला, "काय वहिनी, तुमच्या गावात मशीन आलं म्हणे! मग अजून आमच्याच गाडीत?"

"तुमची सवय झालीय हो," ती म्हणाली. "मशीनला कुठे गप्पा मारता येतात?"

घरी ती काहीच म्हणत नसे, म्हणून हॅलोच बोलत राही. "अगं, भाऊंच्या मनात आहे गं. खालची माणसं करू देत नाहीत. एकटा माणूस कुठे कुठे बघणार?"

"मी कुठे काय म्हणतेय?"

"भाऊंच्या कानावर गेलं ना, तर एका दिवसात कुलूप निघेल."

"मग घाला की कानावर. त्यांच्या गळ्याशी सगळ्यात जवळ तुम्हीच तर असता."

हे खरं होतं. भाऊंच्या कॉलरला माइक लावायचं काम हॅलोचं. पहारेकरी, पीए, पक्षाचे लोक, कुणालाही भाऊंच्या अंगाला हात लावायची मुभा नव्हती, हॅलोला होती. पण त्या क्षणी भाऊ नेहमी डोळे मिटून भाषण जुळवत उभे असायचे. अशा माणसाला किडनीचं काय सांगणार?

मग एके दिवशी पलीकडच्या तालुक्याच्या गावी सभा लागली. सकाळची वेळ, दवाखान्यासमोरच्या मैदानात मांडव, आत एक नुकतीच रंगवलेली खोली. हॅलो वायर घेऊन आत गेला. मधोमध मशीन उभं होतं. पांढरं, चाकांवर, पोटावर लाल फीत. यांनाही मिळालं, चला, असं म्हणत तो वायर चिकटवायला गुडघ्यावर बसला.

मशीनच्या पायाला पिवळी टेप होती. टोक आतल्या बाजूला दुमडलेलं, त्रिकोणी.

बाहेरून कुणीतरी "हॅलो कुठाय, हॅलो?" असं ओरडत होतं. त्याने टोक चिमटीत धरून पाहिलं, सोडून दिलं. गावातल्या उद्घाटनानंतर घरी निघताना टेपचा जो तुकडा काढायचा राहून गेला होता, तोच हा. आपला कामचुकारपणा असा तालुका ओलांडून भेटायला येईल, असं त्याला वाटलं नव्हतं.

पीए दारातच फोनवर बोलत उभा होता. फोन संपेपर्यंत हॅलो थांबला.

"पीएसाहेब, हे आमच्या गावातलं मशीन आहे."

"कशावरून? सगळी सारखीच दिसतात."

हॅलोने टेप दाखवली. पीएने वाकून ती पाहिली आणि कौतुकाने मान हलवली.

"काय नजर आहे रे तुझी! बरोबर. एकच आहे."

"एकच?"

"मग काय प्रत्येक गावाला वेगळं घेणार? अरे, मशीनं येतील. टप्प्याटप्प्याने येतील. पण तोवर उद्घाटनं थांबवायची का? उद्घाटन झालं नाही तर लोकांना कळणार कसं की मशीन येणार आहे?"

"पण लोकांना वाटतं, आलंय."

"वाटतं ना? बास. आशा हवी माणसाला." पीएचा फोन पुन्हा वाजला. "ते नळाचं बघा कुणीतरी, वाकडा दिसतोय."

भाऊंना हे माहीत नसणार. हॅलो स्वतःला हे पुन्हा पुन्हा सांगत मांडवाच्या मागे गेला. भाऊ स्टेजच्या पायऱ्यांपाशी डोळे मिटून उभे होते. त्याने माइकचा चिमटा कॉलरला लावला, वायर कोटाच्या आत सरकवली, आणि हात तिथेच ठेवून म्हणाला, "भाऊ."

भाऊंनी डोळे उघडले. "वहिनी कशा आहेत?"

हॅलो मनात म्हणाला, यांच्या लक्षात आहे! "अजून बसनेच जाते भाऊ. हे मशीन आमचंच आहे. सगळीकडे एकच फिरवतात हे लोक. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून…"

भाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. हॅलोने इतक्या जवळून ते कधी पाहिले नव्हते.

"तुला आज कळलं," भाऊ हळूच म्हणाले. "मला रोज कळतं. रोज रात्री तेच मशीन डोळ्यांसमोर येतं माझ्या. कुणाला सांगू? सांगता येण्यासारखी माणसं आहेत का माझ्याकडे? पण तू वेगळा. तू माझा आवाज आहेस. तू समजून घेशील."

आणि हॅलोने समजून घेतलं, हे कबूल करायला हवं. मिक्सरपाशी परत येईपर्यंत त्याला बायकोपेक्षा भाऊंचीच जास्त काळजी वाटत होती. बिचारे झोपत नाहीत, हा विचार त्याच्या डोक्यात बराच वेळ होता. मग त्याने हेडफोन कानाला लावले आणि भाषण सुरू झालं.

पहिला भाग नेहमीचाच. विरोधकांना चिमटे, मग तरुणांना साद. हॅलोची बोटं आपोआप चालत होती. मग भाऊंनी चष्मा काढला. त्याचं बोट पट्टीवर गेलं.

"पलीकडच्या गावात माझी एक वहिनी आहे," भाऊ म्हणाले. "माझ्या या माइकवाल्याची बायको. हा बघा, बसलाय तिथे. एक दिवसाआड ही माउली बसचे धक्के खात शहरात जायची. आज विचारा त्याला. आज त्याची बायको गावातच उपचार घेते आणि दुपारी घरी येऊन स्वतःच्या हाताने चहा करते!"

माना वळल्या. पुढच्या रांगेतल्या एका पिवळ्या पडलेल्या बाईने त्याच्याकडे बघून हात जोडले. तिच्या मनगटाच्या वर, नेमकी त्याच जागी, त्याच्या बायकोसारखीच सुया टोचून टोचून झालेली गाठ होती.

हॅलोने पट्टी वर नेली नाही. खाली ओढली. अगदी तळापर्यंत.

मैदानातले सगळे स्पीकर मुके झाले. स्टेजवर भाऊंच्या पायाशी एक छोटा स्पीकर असतो, भाऊंना स्वतःला ऐकू यावं म्हणून. तो वेगळ्या बटणावर, तो चालूच राहिला. त्यामुळे भाऊंना काही कळलं नाही. ते बोलत होते, हात हलवत होते, आणि त्यांचं बोलणं आता पायाशी त्यांना स्वतःला आणि हेडफोनमध्ये हॅलोला, एवढ्या दोघांनाच ऐकू येत होतं. ना इको, ना खालचे सूर. बारीक, नाकातून येणारा, सर्दी झालेल्या माणसासारखा आवाज म्हणत होता, "या गावातल्या एकाही माउलीला, एकाही बहिणीला…"

आता गडबड उडेल. लोक ओरडतील, "आवाज, आवाज!" पीए धावत येईल. हॅलोने पाठीचा कणा ताठ केला आणि वाट पाहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तो काहीतरी करून बसला होता.

मिक्सरजवळ खुर्ची टाकून बसलेल्या म्हाताऱ्याने कानामागे हात धरला. "ऐकू येत नाहीये का हो?"

"नाही," हॅलो म्हणाला.

"असू द्या. माहितीये काय बोलतायत ते."

भाऊ थांबले. नेमक्या जागी थांबले. आणि सगळ्या मैदानाने टाळ्यांचा कडकडाट केला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तो म्हातारा तर उभा राहिला. भाऊंनी पुन्हा तोंड उघडलं, बंद केलं, मैदानाने पुन्हा टाळ्या वाजवल्या. एकही टाळी चुकीच्या जागी पडली नाही.

थोडा वेळ हॅलो बघत राहिला. मग त्याने पट्टी होती त्या जागी नेऊन ठेवली. निदान भाषणाचा शेवट तरी लोकांना ऐकू यावा. धंद्याला बट्टा नको.

उतरताना भाऊंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आज आवाज अगदी मनासारखा लागला होता."

सामान भरत असताना पीए आला. मशीनची गाडी खुर्च्या न्यायला लावली होती आणि मशीन संध्याकाळपर्यंत पुढच्या गावी पोचायला हवं होतं. "तुझ्या टेम्पोत जागा आहे ना? टाक मागे. नाहीतरी तू तिकडेच येतोयस."

पुढच्या गावाचा रस्ता हॅलोच्या गावावरूनच जात होता.

भर दुपारी त्याने टेम्पो आपल्या गावच्या दवाखान्यासमोर लावला. दोर सोडायला घेतला. पीएला काय सांगायचं ते त्याने वाटेत ठरवलं होतं: काहीच नाही. जे गावाचं, ते गावात. सिस्टर व्हरांड्यात आली, तिने मशीन पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"हे काय, पळवून आणलंत?"

"परत आणलं. खोली उघडा."

"अहो दादा, उघडते की." तिने खोली उघडली. आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या. ती खुर्च्यांच्या मधून वाट काढत भिंतीपाशी गेली आणि तो नवा, चकचकीत नळ धरून ओढला. नळ भिंतीतून सरळ बाहेर आला. मागे पाइप नव्हता. नुसतं भोक होतं, त्यात कागदाचा बोळा.

"याला शुद्ध पाणी लागतं, त्याचा वेगळा प्लँट लागतो, चालवणारा माणूस लागतो, डॉक्टर लागतो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "माझ्या हाती देताय, मी याला काय जोडू? वहिनींना आणि या भोकाला?" तिने नळ पुन्हा भिंतीत बसवला, सरळ आहे की नाही ते मागे सरून पाहिलं. "घेऊन जा. इथे ठेवलंत तर लोक पुन्हा रांग लावतील."

टेम्पो घरापाशी थांबला तेव्हा बायको ओट्यावर बसली होती. काल शहरात जाऊन आलेली, म्हणून आज जरा बरी. ती टेम्पोच्या मागे गेली, फाळका धरून उभी राहिली आणि बराच वेळ आत बघत राहिली.

"फीत नवी लावलेली दिसते," ती म्हणाली.

"तू…"

"मला काय, मला कुलूप लागलं त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती समजूत घालत होतात माझी. म्हटलं, घालू दे. तेवढाच तुम्हाला आधार." तिने आत हात घालून मशीनला बोट लावलं, भांडं गरम आहे का बघावं तसं. "भाषणात मी होते म्हणे आज. शेजारणीच्या भावाचा फोन आला होता. चहा करते म्हणाले."

"हो."

"करू का मग?"

तिने चहा केला. दोघांनी ओट्यावर बसून प्याला. तिने दोनच घोट, कारण पाण्याचं तिला पथ्य होतं. मग हॅलो उठला. पुढच्या गावात स्टेज लागलं असणार. नाही गेला तर दुसरा माइकवाला जाईल, तो इको जास्त देईल, एवढाच काय तो फरक.

"थांबा," ती म्हणाली. आतून तिने एक जुनी चादर आणली आणि मशीनभोवती गुंडाळायला लागली. "दोर नीट आवळा. रस्ता काय आहे ते मला विचारा."

"कशाला एवढं जपतेस त्याला?"

"तिकडेही कुणीतरी साडी नेसून पुढच्या रांगेत बसलेली असेल." ती खाली वाकली आणि थांबली. मशीनच्या पायाशी तिला ती पिवळी टेप दिसली होती. नवऱ्याचं काम ओळखायला तिला काही वेळ लागला नाही. तिने दुमडलेलं टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. टेप एका झटक्यात निघाली.

"हे कशाला काढलंस?"

"कुणी ओळखलं तर?" तिने टेपची गोळी करून कोपऱ्यातल्या कचऱ्यात टाकली. "त्या बाईला निदान आजचा दिवस तरी मिळू दे."

हॅलोने टेम्पो सुरू केला. वळवताना त्याने आरशात पाहिलं, ती अजून तिथेच उभी होती, एका हाताने ओट्याचा कठडा धरून.

"उद्या माझी बस आहे," तिने मागून ओरडून सांगितलं. "वेळेवर परत या, स्टँडपर्यंत चालवत नाही आता."